नानांनी सुपारी सोडली तेव्हा

लोकांना वाटतं, औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाईला गोळ्यांची कसली भीती! दिवसभर तेच तर हाताळते. खरं सांगायचं तर मला दिवसेंदिवस ती जास्तच वाटत गेली. श्रीवर्धनच्या बाजारपेठेत मी उभा जन्म मेडिकल चालवलं. आता दुकान भाच्याच्या हाती दिलंय आणि सकाळचं तासभर जाऊन उगाच लुडबुड करते. पण काही पाकिटं कपाटातून काढताना मी अजूनही नाव परत परत वाचते. कंपवाताच्या एका पूरक गोळीचं पाकीट त्यातलंच. त्या गोळीपायी आमच्या नानांवर जे आलं, ते सांगायला बसले आहे. गोळीचं नाव मात्र लिहिणार नाही. लिहिलं तर दिवाळीचा फराळ संपायच्या आत कुणीतरी अंकाचं पान फाडून काउंटरवर येईल आणि म्हणेल, "बाई, ही द्या. आमच्या बाबांचापण हात हलतो."

अतिशयोक्ती करत नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक असंच येतं. डॉक्टरांची चिठ्ठी घरी राहते आणि कात्रीने कापलेला स्ट्रिपचा कोपरा पुढे येतो, ज्यावर नावातलं एकच अक्षर उरलेलं असतं. कुणी म्हणतं, "ती बारीक सफेद द्या." दुकानातल्या निम्म्या गोळ्या बारीक आणि सफेद असतात. कुणाला शेजारणीची गोळी लागू पडलेली असते, म्हणून तीच हवी असते. 'नाही' म्हणायला शिकणं हाच आमच्या धंद्यातला मोठा भाग आहे, आणि माझा स्वभाव मुळातच तिरसट असल्याने मला ते फार जड गेलं नाही.

कंपवात म्हणजे नुसता हात हलणं नव्हे. माणूस आखडत जातो, पावलं लहान पडतात, आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव हळूहळू दिसेनासे होतात. मेंदूत हालचाली नीट चालवणारं एक रसायन असतं, ते कमी पडायला लागतं. मुख्य गोळी ती उणीव भरून काढते. पण काही वर्षांनी ती एकटी पुरत नाही, किंवा चालणं सुधारतं आणि थरथर तशीच राहते. मग डॉक्टर जोडीला दुसरी गोळी देतात, ती पूरक. पूरक गोळ्याही अनेक तऱ्हेच्या. एका तऱ्हेच्या गोळीने लघवी तांबडी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण आधी सांगायला हवं. म्हसळ्याकडच्या एका गृहस्थांना बहुतेक कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपली वेळ भरली असं समजून मुलांना बोलावून जमिनीच्या वाटण्या सांगून टाकल्या. मी दुकानात खुलासा केला तेव्हा ते आनंदी व्हायच्या ऐवजी माझ्यावरच उखडले. मुलं आता मोजणी करा म्हणून मागे लागली होती.

नानांना दिलेली गोळी वेगळी, जरा जुन्या वळणाची. मेंदूतलं पहिलं रसायन कमी झालं की त्याच्या समोरचं दुसरं एक रसायन शिरजोर होतं आणि हात थरथरतो. ही गोळी त्या दुसऱ्याला दाबून धरते. दाबते म्हणूनच वयस्कर माणसाला ती फार जपून द्यावी लागते. जास्त दाबलं गेलं तर तोंडाला कोरड पडते, लघवी अडते आणि डोकं ठिकाणावर राहत नाही. हे मला पाठ होतं. पण पाठ असलेली गोष्ट डोळ्यांसमोर एका ओळखीच्या माणसात घडताना बघणं निराळं.

नाना म्हणजे समुद्राकडच्या पाखाडीत, म्हणजे वस्तीत, राहणारे सुपारीचे बागायतदार. बागायतदार म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. घरामागे एक वाडी, तिच्यात दाटीने वाढलेल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मधे विहीर. अडकित्त्याशिवाय नाना मी पाहिले नव्हते. सकाळी चूळ भरली की पहिलं खांड तोंडात जायचं, ते झोपेपर्यंत गालात काही ना काही असायचंच. पान नाही, चुना नाही, तंबाखूचं तर नावही नाही, नुसती वाडीतली रोठा सुपारी. मी दुकानातून ओरडायचे, "नाना, तोंडाची वाट लागेल हो!" त्यावर ते खांड दुसऱ्या गालात सरकवून म्हणायचे, "बाय, माज्या वाडीची चव मीच न्हाय घ्यायची तं काय यापाऱ्यानं घ्यायची?"

त्यांचा आजार पहिल्यांदा कळला तोही सुपारीमुळेच. अडकित्त्यात धरलेली सुपारी सारखी निसटायला लागली. पुढे काकी, म्हणजे त्यांची बायको यशोदाकाकी, सुपारी कातरून द्यायला लागल्या. माणगावच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी मुख्य गोळी सुरू केली. चालणं सुधारलं, पण उजव्या हाताची थरथर जाईना. चहा बशीत सांडायचा, आणि नानांना त्याची भारी लाज वाटायची. तेव्हा डॉक्टरांनी ती पूरक गोळी जोडीला दिली, अगदी थोडी. काही फरक नाही. मग जराशी वाढवली. तरी नाही. पुन्हा थोडी वाढवली. नाना मला म्हणाले, "बाय, तुज्या गोळीत खडूची पूड भरली हाय काय?"

डॉक्टरांनी व्यसनांची चौकशी केली होती. दारू? नाही. तंबाखू? नाही. विडी? कधीच नाही. सुपारीचं कुणी बोललं नाही, कारण आमच्या गावात सुपारी हे व्यसन नसतंच. ते पीक असतं, घर चालवणारं, पाहुण्याच्या हातावर ठेवायचं, पूजेला मांडायचं. 'मी भात खातो' असं डॉक्टरांना कुणी आपण होऊन सांगायला जात नाही, तसंच हे.

आता नवसाची गोष्ट. नानांची सून सुजाता. नवरा महेश प्रवासी गाडी चालवतो. पोरगी गुणाची, पण तिला आधी दोनदा दिवस जाऊन गर्भ टिकला नव्हता. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सगळं घर श्वास रोखून होतं. आमच्याकडे अशा वेळी मोठं माणूस देवापुढे आवडीचा जिन्नस सोडतं. कुणी आंबा सोडतं, कुणी चहा. सहावा महिना लागला तसे नाना गावदेवीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पोर सुखरूप हातात येईपरेंत मी सुपारी तोंडात घालनार न्हाय." देवळातून घरी आले आणि अडकित्ता काकींच्या हातात दिला.

पाखाडीत सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं, आणि वर पेपरमिंटच्या गोळ्यांचं पाकीट भेट दिलं.

मग जे झालं त्याला चमत्कार म्हणायचीच पाळी होती. थोड्याच दिवसांत नानांचा हात थांबला. एका सकाळी ते दुकानात आले आणि समोरच्या हॉटेलातून चहाचा भरलेला कप बशीसकट घेऊन माझ्या काउंटरपर्यंत चालत आले. एक थेंब सांडला नाही. "बघ," म्हणाले. चेहऱ्यावर हसू उमटत नव्हतं, पण डोळे ओले होते. काकींनी देवीची ओटी भरली. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी खटकलं. इतके दिवस ढिम्म असलेली गोळी अचानक कशी लागू पडली, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्यानंतर सुजाता एकदा पाण्यात घालून प्यायची पावडर न्यायला आली. नानांचं तोंड सारखं सुकतं म्हणाली, भाकरी गिळवत नाही. दुसऱ्या खेपेस आली ती गोळ्या घ्यायला, पण पिशवीत गोळ्या टाकूनही तिथेच रेंगाळली.

"काकू, या गोळीने डोळ्यांना काही होतं का?"

"का गं?"

"नानांना पोफळीवर माणूस दिसतो. म्हणतात, कधीचा बसलाय, उतरत नाही. काल मला त्यांनी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती वारून किती वर्षं झाली."

मी तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, पण ते पेशंट तपासत होते. नर्सने निरोप लिहून घेतला आणि सुजाता घरी गेली. दुकान दुपारचं बंद केलं आणि जेवायला घरी न जाता मी सरळ नानांच्या घरी गेले.

ओटीवर कुणी नव्हतं. मागून आवाज येत होता, म्हणून वाडीत गेले. भर दुपारी पोफळींच्या वाडीत ऊन खाली पोचत नाही, सगळं हिरवट आणि ओलं असतं. एका झाडाच्या बुंध्याशी नाना उभे होते, मान वर करून, हातात कोयती घेऊन. त्यांच्या बाहीला धरून सुजाता उभी होती, सातवा महिना लागलेली.

"उतर म्हनतो ना तुला!" नाना वर बघून ओरडत होते. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "उलटा लटकलाय. पडशील की रं! थांब, झाडच पाडतो."

वर कुणीही नव्हतं. सुपारी पाडणारे गडी एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जातात, ते नानांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यातलाच कुणीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे लटकला होता. त्यांनी कोयती उचलली आणि बुंध्यावर घाव घातला. सुजाता किंचाळली. नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही कोन मधी? हिला बाजूला घ्या." आणि कोयती पुन्हा उचलली.

मी सुजाताला मागे ओढायला हवं होतं, पण पाऊल उचलेना. तेवढ्यात विहिरीकडून काकी आल्या. त्या ओरडल्या नाहीत. रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अवो, जेवायचं हाय. पान वाढलंय."

नाना वळले. काकींकडे नीट पाहिलं आणि फार अदबीने म्हणाले, "तुमी बसा बाई. मंडळी येतील आता घरातली."

काकी जागच्या जागी थिजल्या. त्यांचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. मला कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "नाना, तो उतरला बघा. पलीकडच्या अंगाने उतरला, चालला समुद्राकडे." त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "उतरला?" म्हणाले. "बरा झाला." हात खाली आला तशी मी कोयती काढून घेतली आणि लांब भिरकावली.

ओटीवर आणून बसवलं. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं पण घामाचा टिपूस नाही. जीभ कोरडी ठणठणीत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. काकींना विचारलं, लघवीला कधी गेले? सकाळपासून गेले नव्हते. ओटीपोट हाताला टणक लागत होतं. सगळ्या खुणा त्या पूरक गोळीकडे बोट दाखवत होत्या. पण गोळी नवी नव्हती, वाढवलेली नव्हती, काकी स्वतःच्या हाताने मोजून द्यायच्या. दोन वेळा दिली गेली म्हणावं तर स्ट्रिपमधल्या गोळ्या बरोबर होत्या. मग एवढ्या दिवसांनी आजच का? मला काही कळत नव्हतं, आणि न कळण्याची भीती फार वाईट असते.

एव्हाना शेजारपाजार गोळा झाला होता. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, जाणत्याला दाखवा. कुणी म्हणालं नवसात काही कमीजास्त झालं असेल. आणि एकाने ठासून सांगितलं, "ह्या गोळ्यांनीच वाट लागली. समद्या बंद करा आजच्या आज." हे मात्र काकींना पटलं. त्या आत गेल्या, नानांच्या सगळ्या गोळ्या पदरात घेतल्या आणि तडक विहिरीकडे निघाल्या.

मी धावले आणि विहिरीच्या काठाशी त्यांच्या आडवी उभी राहिले.

"काकी, सगळ्या नाही! मुख्य गोळी एकदम बंद केली तर नाना लाकडासारखे आखडतील, ताप चढेल. माणूस हातचा जातो त्यात."

"आनी दिली तं? बघतेस ना काय झालंय? मला वळखत न्हायत ते!"

"ही एकच बाजूला ठेवा. फक्त ही."

"तुला नक्की ठावं हाय?"

मला नक्की माहीत नव्हतं. 'नक्की' म्हटलं तर खोटं होतं आणि 'नाही' म्हटलं तर पदर विहिरीत रिकामा झाला असता. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारू. ते सांगतील ते करू. तोवर थांबा." देवाची कृपा म्हणायची, तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन आला.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाले, पूरक गोळीचा पुढचा डोस देऊ नका. मुख्य गोळी चुकवू नका, वेळ झाली की द्या. वाटेत कुठेही कुणाला शांत करायचं इंजेक्शन देऊ देऊ नका, त्यातली बरीचशी कंपवाताच्या माणसाला चालत नाहीत, अंग आणखी आखडतं. आणि आत्ताच्या आत्ता माणगावला घेऊन या.

महेशने गाडी काढली. सुजाताला शेजारणीपाशी ठेवलं. मी पुढे बसले, मागे नाना आणि काकी. म्हसळा ओलांडून घाट लागला तसे नानांचे हात चालू झाले. बोटांनी ते हवेतलं काहीतरी सोलत होते. साल काढायची, बाजूला टाकायची, सोललेलं पुढे करायचं. सुपाऱ्या सोलत होते. माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं आणि अंगावर काटा आला. तो हात अजिबात थरथरत नव्हता. इतकी वर्षं ज्यासाठी औषध चाललं होतं ते साधलं होतं, आणि माणूस मात्र तिथे नव्हता.

ते पुढे करत असलेली सुपारी घ्यायला कुणी नाही म्हणून ते चिडायला लागले. काकींनी मांडीवर पदर पसरला. नाना एकेक सुपारी त्यात टाकत राहिले आणि काकी ती घेत राहिल्या.

"बाय," त्या मला म्हणाल्या, "हे आता असंच ऱ्हानार?"

महेश आरशात मागे बघत होता, त्याच्यावर मी रस्त्याकडे बघ म्हणून ओरडले.

दवाखान्यात आधी नळी घालून लघवी काढली, तपासण्यांना रक्त घेतलं, सलाइन लावलं. मग डॉक्टर आमच्याशी येऊन बसले. नवीन औषध काही? नाही. सर्दी-खोकल्याचं? झोपेचं? वैदूचं चूर्ण? नाही, नाही, नाही. "बरं, काही बंद केलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. काकींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "सुपारी सोडली तेवढीच. पन ती चांगल्यासाठीच की. सुपारी काय औषद हाय काय?"

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "किती खायचे?"

काकींनी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. सुपारीत एक अंश असतो, तो मेंदूतल्या त्या दुसऱ्या, शिरजोर रसायनासारखंच काम करतो. गोळी खाली दाबायची आणि सुपारी वर उचलायची. दिवसभर दोघांची ओढाताण चालायची, म्हणून हात थांबेना, म्हणून गोळी वाढली. मग सुपारी सुटली. ओढणारं एक टोक सुटलं आणि वाढवलेली गोळी पुरती अंगावर आली. हात थांबला तो त्यामुळे, आणि डोकं भरकटलं तेही त्यामुळेच. वय झालेल्या मेंदूला एवढा भार पेलत नाही.

महेशने खिशातून सुपारीची पुडी काढली. "मग आत्ता देऊ का एक खांड?"

"मुळीच नाही. गिळतानासुद्धा ठसका लागेल त्यांना. आपल्याला गोळी उतरवायची आहे."

काकींना वेगळंच काही टोचत होतं. "म्हंजी नवसानं झालं हे?"

डॉक्टर म्हणाले, "नवसाने नाही, आजी. सुपारीचं आम्हाला कळलं नाही, त्याने झालं. सुपारी सोडली हे चांगलंच केलं त्यांनी." त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही, स्वतःला वगळलंही नाही. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो तेव्हापासून.

पण पुढे ते जे बोलले त्याने काकींच्या तोंडचं पाणी पळालं. नाना शुद्धीवर यावेत अशी आशा आहे, पण या वयात पूर्णपणे पूर्वीसारखे होतील की नाही, हे आज सांगता येत नाही. वाट बघायची.

ती वाट बघणं फार वाईट होतं. मी दुकान सांभाळून माणगावला खेपा घालत होते. प्रत्येक वेळी दाराशी आल्यावर आत शिरायची हिंमत होत नव्हती. काकी खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या असायच्या. नाना कधी झोपेत, कधी भिंतीवरच्या मुंग्या वेचताना. मग एका दुपारी मी गेले तर त्यांनी माझ्याकडे बघून बारीक आवाजात विचारलं, "दुकान उघडं टाकून आलीस काय गं?" आणि पाठोपाठ, "सुजाता बरी हाय ना?" काकी उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या. त्यांचं रडणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

ती गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवली आणि मग बंद केली. थरथर परत आली. घरी आल्यावर पहिल्याच चहाला कप बशीवर वाजायला लागला, आणि या खेपेला चहा सांडला म्हणून कुणी फडकं घेऊन धावलं नाही. वाडीतलं आपल्याला काही आठवत नाही असं नाना म्हणतात. कोयतीचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बुंध्यावरचा घाव दिसतो, तेव्हा ते विचारतात हे कुणी केलं, आणि महेश म्हणतो, गड्याने.

त्यानंतर दुकानात कंपवाताच्या गोळ्यांना जो येईल त्याची मी उलटतपासणी घ्यायला लागले. काय चघळता? कुणाची चूर्णं घेता? काय नवं सुरू केलंत आणि काय सोडलंत? लोक वैतागायचे. एकाने तर विचारलं, "बाई, गोळ्या विकताय की सोयरीक जमवताय?" आता भाच्याचं म्हणणं असं की, पुष्कळ लोक मोबाइलवरून गोळ्या मागवतात, खोकं दारात येऊन पडतं, आपण विचारणार कुणाला? त्याचं खरं आहे. पण ते खोकं कुणाच्याही दारात दिसलं की मला वाटतं, आत जाऊन विचारावं. जात नाही. वय झालं, आणि लोकांना आवडतही नाही.

सुजाताला मुलगी झाली, सुखरूप. नवस फिटला, पण नानांनी सुपारी पुन्हा तोंडात घातली नाही. पुढे मुख्य गोळीचा असर लवकर उतरायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा एक पूरक गोळी सुचवली, वेगळ्या जातीची, अगदी थोडी. काकी ऐकायला तयार नव्हत्या. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की न दिली तर नाना दिवसातला बराच वेळ खिळून राहतील. द्यायची, पण नजर ठेवायची. बोलण्यात, ओळखण्यात काही वावगं वाटलं की त्याच दिवशी फोन करायचा. काकी हो म्हणाल्या आणि नजर ठेवायची त्यांनी स्वतःची रीत काढली.

परवा सकाळी मी सुजाताच्या पोरीला बघायला गेले होते, तेव्हा ती रीत माझ्यासमोरच पार पडली. नाना ओटीवर खुर्चीत बसले होते. काकी एका हातात पाणी आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळी घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"मी कोन?"

सुजाता मला हळूच म्हणाली, "रोज विचारतात. कधी 'माझी बायको' म्हणतात, कधी 'सरकार'. मग गोळी मिळते."

नाना काकींकडे बघत राहिले. या आजारात चेहऱ्यावरून काही कळत नाही, आणि बोल ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. तो वेळ आहे, की आत काही हललंय, हे बाहेरून ओळखता येत नाही. सुजाताने पोरीला छातीशी घट्ट धरलं. मी खुर्चीच्या कडेवर आले होते. काकींची मूठ मिटलेलीच होती.

"हौशी," नाना म्हणाले.

"कोण हौशी?" सुजाताचा आवाज चिरकला. "नाना, नीट बघा ना. आई आहेत या, यशोदा. काकू, फोन लावा डॉक्टरांना!"

"थांब गं," काकी म्हणाल्या. त्यांनी भिंतीला हात टेकला. "बरोबर हाय. ते माजं म्हायेरचं नाव. लग्नात बदललं. ह्या घरात कुनीच घेतलं न्हाय कधी."

"चुकलो काय?" नानांनी विचारलं.

"न्हाय," काकी म्हणाल्या आणि मूठ उघडली. नानांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, थोडं अंगावर सांडलं.

मी निघाले तशा काकी फाटकापर्यंत पोचवायला आल्या. मला वाटलं आता हसतील. मी म्हटलंही, "काय काकी, इतक्या वर्षांनी लाडाचं नाव!"

त्या हसल्या नाहीत. फाटकाची कडी धरून उभ्या राहिल्या.

"बाय, मी रोज इचारते आनी जवाब येईपरेंत माजा जीव थाऱ्यावर नसतो," त्या म्हणाल्या. "वाटतं, आज म्हनतील, 'बसा बाई, मंडळी येतील आता.' उद्यापासून इचारायचंच न्हाय, असं रोज ठरवते. पन न इचारता गोळी द्यायची आता मला हिंमत न्हाय."